डायरी फाडू नका, आधी नंबर बघा

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात)

मी 68 वर्षांची. बडोद्यात दांडिया बाजार भागात एकटीच राहते. यजमान दीड वर्षापूर्वी गेले. बँक, बिलं, ईमेल सगळं तेच बघायचे. त्यांचा फोन नंबर बंद करून टाकला, उगाच रिचार्ज कशाला म्हणून. माझा फोन घेतला तेव्हा रावपुऱ्यातल्या दुकानातल्या मुलाने ईमेल वगैरे चालू करून दिलं. पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून एका जुन्या डायरीत लिहून ती देवघराच्या खणात पोथ्यांखाली ठेवते. खरं तर सगळीकडे पासवर्ड एकच आहे, नातवाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. एटीएमचा पिन कार्डाच्या कागदी पाकिटावर लिहिलाय. दिवाळीत मुलगा बेंगळुरूहून आला. डायरी पाहून फार चिडला. त्याने फोनवर पासवर्ड ठेवायचं ॲप घालून दिलं आणि दर महिन्याला सगळे पासवर्ड बदल म्हणून सांगितलं. त्या ॲपचाच पासवर्ड मी विसरले. आता त्याला विचारायचाही संकोच वाटतो. डायरी फाडून टाकू का? की सगळं मुलाच्या हाती सोपवून मोकळी होऊ? वीस वर्षं गल्लीतली भिशी मी सांभाळली, पण हे काही या वयात माझ्याने होईलसं वाटत नाही.

उत्तर

ताई, डायरी फाडू नका. त्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही. ती गेली तर ईमेलपासून वीजबिलापर्यंत सगळ्याला तुम्ही एका दिवसात मुकाल. मुलाचा राग मला समजतो, पण त्याने बोट ठेवलं ते चुकीच्या जागी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा अडखळले ती डायरीच्या वाक्यावर नाही. ‘त्यांचा फोन नंबर बंद करून टाकला, उगाच रिचार्ज कशाला.’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या व्यवहारातली सर्वांत कच्ची जागा बहुधा हीच आहे. घरातले व्यवहार यजमान बघत होते म्हणजे बँकेत नंबर त्यांचाच दिलेला असणार. गॅसच्या पुस्तकावर, विम्याच्या पॉलिसीवर, कदाचित तुमच्या स्वतःच्या आधारलाही तोच. कोणी पासवर्ड विसरला की नवा कोड जातो तो या नंबरावर. आणि बंद केलेला नंबर कायमचा बंद राहत नाही. किमान 90 दिवस तो कोणाला देत नाहीत, पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्राय या संस्थेने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं. तुम्हाला दीड वर्ष झालं. आज तो नंबर कोणा भल्या माणसाकडे असेल, आणि तुमच्या बँकेचे मेसेज आपल्याला का येतात म्हणून तो वैतागतही असेल. पण माणूस भला निघेल याच्या भरवशावर खातं ठेवता येत नाही.

म्हणून पहिलं काम फोनवरचं नाहीच, पायी जाऊन करायचं आहे. पासबुक, आधार, पॅन आणि यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती घेऊन शाखेत जा. काउंटरवर एवढंच विचारा: ‘माझ्या खात्याला कुठला मोबाईल नंबर जोडलाय?’ तुमचा नसेल तर बदलायचा फॉर्म तिथेच भरा. खातं दोघांच्या नावे असेल तर त्यांचं नाव कमी करायचा अर्जही त्याच फेरीत देऊन टाका. पुष्कळ घरांत असं दिसतं की नवरा गेल्यावरही त्याच्या नेटबँकिंगचा पासवर्ड माहीत असतो म्हणून बायको किंवा मुलं त्यावरूनच व्यवहार चालू ठेवतात. पैसे आपलेच आहेत असं वाटतं, पण बँकेच्या लेखी गेलेल्या माणसाच्या नावाने केलेला तो व्यवहार असतो, आणि पुढे वारसाचं काम निघालं की तोच आडवा येतो. तुमच्या डायरीत त्यांचा असा पासवर्ड असेल तर तो वापरू नका. आधारला जोडलेला मोबाईल नंबर मात्र या फॉर्मने बदलत नाही. तो आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो.

आता डायरी. ‘पासवर्ड कधीही कागदावर लिहू नये’ हे वाक्य ऑफिसांतून घरात आलं. ऑफिसात टेबलावर चिठ्ठी चिकटवली तर येणारा-जाणारा कोणीही वाचतो, तिथे ते बरोबर आहे. तुमच्या देवघराच्या खणापर्यंत कोण पोहोचतं? पासवर्ड चोरणारा बहुतेक वेळा शेकडो मैलांवर बसलेला असतो. त्याला दांडिया बाजार कुठे आहे हेही ठाऊक नसतं. पोथ्यांखालची वही त्याच्या हाती लागणं अशक्यच. गूगलचंच बघा ना. खात्याला जास्तीचं कुलूप लावलं की ते दहा बॅकअप कोडांची यादी देतात, आणि ते छापून किंवा लिहून नीट ठेवा असं स्वतःच सांगतात. म्हणजे कागदाला कमी लेखायचं कारण नाही.

वहीला धोका आहे, नाही असं नाही. तो घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय कामाच्या बाईवर घेतात. मला ती सवय आवडत नाही, कारण वहीचा दुरुपयोग करायला नुसती वही पुरत नाही, त्यातलं काय कशाचं हे समजणारा माणूस लागतो, आणि तो पुष्कळदा नात्यातलाच निघतो. तुम्ही स्वतःशीच विचार करा. घरात असं कोणी येतं का, ज्याच्यासमोर तुम्ही कपाट उघडं टाकणार नाही? येत असेल तर डायरी देवघरातून काढून कुलपाच्या खणात ठेवा, संपलं. मात्र ती पिशवीत घालून बाहेर कधी न्यायची नाही. फोन आणि वही एकाच पर्समध्ये असली आणि पर्स गेली तर दोन्ही एकदम गेलं.

कार्डाच्या पाकिटावरचा पिन मात्र आजच्या आज काढा. इथे तुमच्या मुलाशी मी शंभर टक्के सहमत आहे. नुसता खोडू नका, पाकीट बारीक फाडून टाका आणि एटीएमवर जाऊन पिन बदला. पिन चारच आकडी असतो, म्हणजे 0000 ते 9999 मिळून दहा हजार शक्यता. तरी तो चालतो, कारण काही वेळा चुकला की कार्ड अडवलं जातं. दहा हजार वेळा प्रयत्न करायला कोणालाच मिळत नाही. पण कार्डासोबतच पिन मिळाला तर एका प्रयत्नात काम होतं. जन्मसाल, लग्नाचं साल, घर नंबर यातलं काही घेऊ नका. एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन, या दोनच गोष्टी कुठेही न लिहिता पाठ ठेवायच्या. भिशीत कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला हे वीस वर्षं तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला दोन आकडे जड नाहीत.

खरी गडबड आहे ती सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यात. ती कशी होते ते सांगते. समजा, तुम्ही कधीतरी साड्यांच्या किंवा औषधांच्या एखाद्या साइटवर नाव नोंदवलंत. त्या साइटची माहिती चोरीला गेली. यात तुमची काही चूक नाही, तुम्हाला कळणारही नाही. चोरांच्या हाती तुमचा ईमेल आणि पासवर्ड अशी जोडी लागते. ती जोडी यंत्राला दिली की ते रात्रभर निरनिराळ्या ठिकाणी तीच लावून बघतं. साडीच्या दुकानात त्यांना रस नसतोच, त्यांना बघायचं असतं की हीच जोडी ईमेलला चालते का, बँकेला चालते का. तुमच्याकडे सगळीकडे चालते. त्यात नातवाचं नाव! वाढदिवसाचा फोटो फेसबुकवर टाकून ‘आमचा अमुक आज पाच वर्षांचा झाला’ असं आपण लिहितो. नाव आणि साल दोन्ही तिथे आलं. नातवाचं कौतुक करू नका असं माझं म्हणणं नाही, फक्त त्याला पासवर्डमधून मोकळं करा.

म्हणून सगळे पासवर्ड बदलायचे का? नाही. हे ऐकूनच माणूस हात टेकतो. तुमच्याकडे ज्यांची खरी काळजी घ्यायची अशा जागा मोजक्याच: फोनचं स्वतःचं कुलूप, ईमेल, नेटबँकिंग आणि यूपीआय. बाकी भजनाचं ॲप, वर्तमानपत्राचं खातं, एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचं बिल बघायची साइट, इथे कोणी घुसलं तर तुमचं बिल किती आलं एवढंच कळेल. तिथे सवडीने बदला, कार्ड नंबर साठवलेला नसला म्हणजे झालं.

या सगळ्यांत ईमेल सर्वांत आधी. आपण ईमेल क्वचित उघडतो, म्हणून तो बिनमहत्त्वाचा वाटतो. पण ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवलं की नवा पासवर्ड करायची वाट बहुतेक ठिकाणी ईमेलकडेच येते. ईमेल ज्याच्या हाती, त्याला बाकीच्यांचे पासवर्ड चोरायची गरज नाही, तो ते नवे करून घेतो. आणि तुमच्या ईमेलचा पासवर्ड दुकानातल्या मुलाला माहीत आहे. ‘मासी, पासवर्ड शुं राखवो छे?’ (मावशी, पासवर्ड काय ठेवायचा?) असं त्याने विचारलं असेल, आणि तुम्ही काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर नातवाचं नाव सांगितलं असेल. मुलगा चांगला असेलही. पण तो दिवसातून अशा कितीतरी मावश्यांचे फोन लावून देतो. त्याच्यावर संशय घ्यायचा नाही, पासवर्ड बदलायचा. खात्यात ‘रिकव्हरी’चा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, एक नंबर असतो, तोही बघा. त्या मुलाने घाईत स्वतःचा घातला असेल, किंवा यजमानांचा असेल. तिथे तुमचाच पाहिजे. पुढच्या वेळी दुकानात काही लावून घ्यायचं झालं तर पासवर्डची जागा आली की फोन हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘भाई, हे मी घालते.’ वेळ लागला तर लागू दे, मागचं गिऱ्हाईक थांबेल.

नवा पासवर्ड कसा करायचा? बारा वेडीवाकडी चिन्हं लावायची गरज नाही. ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला आणि वरचेवर बदला’ हा उपदेश जगभर पसरला तो अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी पुढे स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली, आणि 2017 मध्ये संस्थेने तो सल्ला मागे घेतला. ठरावीक मुदतीने बदलायला लावलं की लोक शेवटच्या 1 चा 2 करतात, बाकी काही बदलत नाही. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर बदलायचा, एरवी नाही. त्यांचा भर आता लांबीवर आहे. तेव्हा दर महिन्याचा जाच तुम्ही आजपासून बंद करा, आणि मुलाने विचारलं तर हे साल सांगा.

लांब पासवर्ड लक्षात राहावा म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे. मनात येतील ते नकोत. मनात नातवाचं नाव, कुलदैवत, माहेरचं गावच येतं. वर्तमानपत्र उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, जो शब्द येईल तो घ्या. असं चारदा, वेगवेगळ्या पानांवर. ‘नारळ’, ‘पगार’, ‘दगड’, ‘सरबत’ असे काहीही येतील (हे छापलेले घेऊ नका, ते आता सगळ्यांना माहीत झाले). नेहमीच्या हजार शब्दांतून असे चार उचलले तर एक लाख कोटी जोड्या होतात. आठ इंग्रजी अक्षरं (सगळी लहान, म्हणजे स्मॉल) कशीही जुळवली तर सुमारे 21 हजार कोटीच होतात, आणि ती लक्षातही राहत नाहीत.

मराठी माणसाची एक अडचण मात्र हमखास येते. शब्द मराठी, पण टाइप करायचा इंग्रजी अक्षरांत. ‘पाट’ लिहायला एक ए की दोन? ‘वाटी’ला व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की डबल ई? आज एक लिहितो, पंधरा दिवसांनी दुसरं, आणि वाटतं आपणच विसरलो. तुम्ही ॲपचा पासवर्ड विसरलात म्हणता, मला दाट शंका आहे की शब्द तुमच्या लक्षात होता आणि स्पेलिंग निसटलं. म्हणून ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं असे शब्द ठेवा, बाकी सोडून पुन्हा बोट ठेवा. डायरीत लिहिताना इंग्रजी अक्षरांतच लिहा, जसं टाइप केलं तसं, एकेक अक्षर सुटं. शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे दिसतील असे काढा. बँकेच्या साइटी चिन्ह आणि आकडा मागतात, काही ठिकाणी लांबीलाही मर्यादा असते. तिथे दोनच शब्द आणि शेवटी ते मागतील ते जोडा. आणि हवं तर डायरीत तीनच शब्द लिहा, चौथा फक्त तुमच्या डोक्यात. वही कोणी उघडलीच तरी त्याच्या हाती अर्धवटच लागेल. जुना पासवर्ड गिरवून खोडायचा, शेजारी तारीख घालायची. नाहीतर सहा महिन्यांनी पानावर तीन पासवर्ड दिसतात आणि त्यातला चालू कुठला ते कळत नाही.

ईमेलला जमल्यास ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागते, तसंच ते आहे. पासवर्ड कोणाला कळला तरी तुमच्या फोनवरची खूण मिळाल्याशिवाय खातं उघडत नाही. हे मात्र मुलगा शेजारी बसलेला असताना करा, एकटीने नको. ते दहा बॅकअप कोडही तेव्हाच डायरीत उतरवा, फोन हरवला तर तेच कामाला येतात.

मुलाने दिलेलं ॲप वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याचा एक फायदा वहीला नाही: बँकेसारखी दिसणारी खोटी साइट समोर आली तर आपले डोळे फसतात, पण ॲप तिथे पासवर्ड भरत नाही, कारण पत्ता जुळत नाही. हात बसला की कमी महत्त्वाचे पासवर्ड त्यात ठेवून बघा. आत्ता नाही वापरलंत तरी चालेल.

‘सगळं त्याच्या हाती सोपवून मोकळी होऊ का?’ हे वाचून मला जरा वाईट वाटलं. मुलगा प्रेमाचा आहे, प्रश्न त्याचा नाही. एकदा सोपवलंत की शंभर रुपये पाठवायलाही बेंगळुरूला फोन करावा लागेल, आणि एव्हाना तोच फोन करायला तुम्हाला संकोच वाटतोय. दुसरं, नियमाचं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलंय की आपण पिन-पासवर्ड दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी; कळवल्यानंतरचं बँकेचं. मुलाला अधिकार द्यायचा तर सरळ मार्ग आहे: खात्यावर त्याचं नाव जोडा. नुसतं तुमच्यामागे पैसे त्याच्या हाती जावेत एवढंच हवं असेल तर त्याला नॉमिनी म्हणून नोंदवा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. डायरीची एक प्रत बंद पाकिटात घालून, सही करून लॉकरमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे एवढंच मुलाला सांगा. मदतीला तो हवाच, पण बटणं तुम्ही दाबायची आणि त्याने बघायचं. त्याने फोन हातात घेऊन दोन मिनिटांत करून दिलं की दिवाळीसारखंच होतं. झालेलं असतं, पण तुम्हाला आलेलं नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगून ठेवते. फोनवर कोणी मागितला म्हणून ओटीपी सांगितला, तर वरचे चारही शब्द फुकट गेले. पैसे यायचे असतील तेव्हा यूपीआय पिन कधीच घालावा लागत नाही, तो पैसे जाताना लागतो. ‘आज रात्री वीज कापणार’, ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड गेलाय, सांगता का’, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप घालणारी), व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात ‘डिजिटल अटक’ करणारा साहेब, यांतलं काहीही आलं तर फोन ठेवा. उद्धट वाटेल, वाटू दे. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला खबर. त्याच परिपत्रकाप्रमाणे, आपली चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काही बोजा येत नाही. 1930 हा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्ठा लिहा, शेजारी बँकेचा. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच, इंटरनेटवर शोधून मिळालेला नको.

राहिला संकोच. मुलाला फोन करा, पण ‘विसरले रे’ अशी सुरुवात करू नका. बँकेत नंबर कुठला आहे ते बघून आलात की मग करा, आणि त्याला सांगा, ‘बाबांच्या बंद नंबरवर आपले मेसेज जात होते, मी बदलून आले.’ डायरी पाहताना हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि जमलं तर सहज विचारून बघा, त्याच्या स्वतःच्या किती पासवर्डांत मुलाचं नाव आहे ते.